उपग्रहाला दिसलेला डाग

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण हे खरंच घडलंय. तेही भर दुपारी, लख्ख उन्हात. बुसानच्या समुद्रनिरीक्षण केंद्रात.

ह्वा-यंग तिथं कामाला होती. आकाशात एकाच जागी ठाण मांडून बसलेला उपग्रह दर तासाला किनाऱ्याचा फोटो पाठवायचा. पाण्याचा रंग बदलला की ती मच्छीमारांना कळवायची.

त्या दिवशी जेजू बेटाच्या पूर्वेला एक काळपट डाग दिसला...

तिच्या बाबांची होडी तिथंच बुडाली होती. प्रेत मिळालं नाही. मग रिवाजाप्रमाणे भगतिणीने तांदळाचा वाडगा पांढऱ्या कापडात बांधून, दोरीने समुद्रात सोडला. वर ओढल्यावर आत केस सापडला, तर बुडालेला जीव किनाऱ्याला लागला म्हणायचं.

पण दोरीच तुटली. वाडगा गेला तो गेलाच.

पुढचा फोटो आला...

डाग सरकला होता. प्रवाहाच्या उलट. बेटावरच्या आईच्या गावाकडे.

आई तिथं बुडी मारून शिंपले काढायची. ह्वा-यंगने घाईघाईने फोन लावला.

"आई, आज पाण्यात उतरू नकोस. काहीतरी येतंय तिकडे."

"अगं, पाणी कसं काचेसारखं आहे! तुझ्या उपग्रहाला आधी चष्मा लाव," आई हसली. "सगळ्या जणी निघाल्या. मी एकटीच काय घरी बसू?"

पुढच्या फोटोत डाग किनाऱ्याला चिकटला होता.

ती फोन लावत राहिली. कुणीच उचलेना.

"बाबा, आईला सोडा," ती पडद्याकडे बघत पुटपुटली. "हवं तर माझ्याकडे या."

तेवढ्यात फोन वाजला.

"आले गं वर," आईला धाप लागली होती. "जाळीत काय आलंय सांगू? तो वाडगा! गाठसुद्धा तशीच. आत केस आहे."

ह्वा-यंगला रडूच फुटलं. "म्हणजे बाबा सुटले?"

"बाळा... त्यांचे केस पांढरे होते ना. हा लांब आहे. काळाभोर. तुझ्यासारखा."

नवा फोटो आला...

डागाने किनारा सोडला होता. तो बुसानच्या दिशेने निघाला होता.

दिवसातला तो शेवटचा फोटो. अंधारात उपग्रहाला पाण्याचा रंग दिसत नाही.

रात्रभर ती घरी दिवा लावून बसली. पहाटे कधीतरी डोळा लागला.

सकाळच्या फोटोत समुद्र स्वच्छ होता. डाग कुठेच नव्हता.

पण कामावर निघण्याआधी तिला उशीवर एक केस दिसला होता.

पांढरा... आणि ओला.

आईला तिने हे अजून सांगितलेलं नाही.