घंटेआधी

गल्लीत तिला सगळे कात्रीबाई म्हणत, आणि ते काही नुसत्या शिवणकामामुळे नव्हे. जीभही तशीच चालायची. त्या दुपारी ती काखेत नवा कोट घेऊन धाकट्या बहिणीला शोधायला निघाली. कोट कच्चा टाचलेला होता, एकदा अंगावर घालून बघायचा, एवढंच काम. पण खरं सांगायचं तर कोट हे निमित्त. नवरा गेल्यापासून धाकटी रोज दुपारी जुन्या बुद्धमंदिरात जाऊन बसायची आणि घरी यायची ती अशी गप्प, जणू बोलणं तिथेच ठेवून आलीय. तिथला कुणी भिक्खू हिला नादी लावतोय, असा थोरलीला दाट संशय.

मंदिर शहराच्या ऐन पोटात. दोन्हीकडे काचेच्या उंच इमारती आणि मधे हे बुटकं, दगडी, कुणाच्याच आठवणीत न मावणारं जुनं. तिने उंबरा ओलांडला आणि रस्त्यावरचे भोंगे थांबले. कमी झाले नाहीत, थांबलेच. आत ओल्या दगडाचा आणि विझलेल्या उदबत्तीचा वास. समोर डोळे मिटलेली मोठी मूर्ती. जमीन काळ्या दगडाची, पावलांनी घासून इतकी गुळगुळीत, की वर बसलेली माणसं खाली उलटी बसलेली दिसत.

धाकटी खांबाशी बसली होती. हाक मारली, तर पापणीही हलली नाही.

"बाई, थांबा," मागून म्हातारे भंते हलकेच म्हणाले. "संध्याकाळची घंटा झाली की उठतील त्या. इथे बसलेल्याला घंटेआधी कुणी उठवत नाही."

"का? देव रागावतो?"

"रागवायला इथे देव नाही." भंते हसले. "माणूस खोल गेलेलं असतं, बाई. घंटा ऐकून परतीची वाट धरतं. मधेच ओढलं तर… कोण वर येईल सांगता येत नाही."

"माझी बहीण येईल, दुसरं कोण? या थापा ठेवा तुमच्या भोळ्या मंडळींसाठी. मला गुंडाळायला अजून वारभर कापड लागेल."

आणि तिने धाकटीच्या काखेत हात घालून ओढलं. चिखलात रुतलेला पाय निघावा तशी ती हळूहळू सुटली. डोळे उघडले, हसली. "चल ताई, घरी," म्हणाली.

भंते खाली दगडाकडे बघत राहिले. थोरलीने तिकडे बघितलं नाही. जिंकलेल्या माणसाला मागे बघायची सवय नसते.

घरी धाकटी भरभरून बोलली, पोटभर जेवली. डाव्या हाताने.

"हात दुखतोय का गं?"

"नाही तर."

थोरलीच्या मनात काहीतरी बारीक टोचलं, पण तिने ते झटकून टाकलं.

सकाळी कोट घालून बघायला घेतला. लहानपणी हाड मोडल्यापासून धाकटीचा उजवा खांदा उतरलेला. आजवरच्या तिच्या प्रत्येक कोटात थोरली उजवीकडे आतून कापसाची पातळ गादी घालत आली, कुणाला पत्ता लागू न देता. आज उजवीकडे ती गादी उंटाच्या पाठीसारखी फुगली. डावीकडे कोट लोंबला.

"सरळ उभी राहा."

"सरळच आहे, ताई."

तोंडात टाचण्या होत्या म्हणूनच ती किंचाळली नाही. टाचण्या एकेक करून काढल्या, उशीत खोचल्या. "दोरा संपलाय, आणते," म्हणाली आणि तडक मंदिर गाठलं.

खांबापाशी कुणी नव्हतं. खाली दगडात मात्र एकजण बसलेली होती. उलटी दिसली तरी शिवणारणीला खांदा कळतोच. उजवा उतरलेला.

"भंते," आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज खाली आला, "आता?"

"तिच्याजवळ बसा. घंटा झाली की हात धरून घेऊन या. त्याआधी उठू नका… कुणी उठवलं तरी."

खरं बोलतोय की मलाही खाली बसवतोय? तिने त्यांचा चेहरा निरखला. त्यावर काही शिवण दिसेना. मग ती बसली, तळवा दगडावर टेकला आणि डोळे मिटले. दगड तेवढ्याच जागी कोमट होता.

किती वेळ गेला कोण जाणे. आधी स्वतःचे गुडघे कळेनासे झाले, मग श्वास. मग मागून अनवाणी पावलं आली. ओळखीची. काखेत दोन हात शिरले, जसे तिने काल घातले होते तसेच.

"चल ना ताई, घरी… माझा कोट अर्धाच राहिलाय…"

ती हलली नाही. हातांनी ओढ घेतली. डावा जास्त जोरकस.

मग भंतेंचा आवाज, अगदी कानाशी. "उठा बाई. घंटा झाली."

तिने घंटा ऐकली नव्हती.

तेवढ्यात तळव्याखालून, दगडातून, कुणीतरी तिची बोटं घट्ट धरली. जन्मभर बोटांनी मापं घेतली तिने. पण धरणारा हात उजवा की डावा, तेवढं मात्र तिला कळेना.