रिकाम्या खुंट्या आणि किंचाळणारा भोंगा

चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या हिमखाणीत त्या दिवशी काम बंद होतं, तरीही कामगारांच्या राहत्या घुमटाच्या दारातल्या फळीवर एकच खिळेबंदूक लटकत होती. बाकीच्या सगळ्या खुंट्या रिकाम्या!

खिळेबंदूक म्हणजे खडकात पोलादी खिळा घुसवायचं अवजार. कामाला लागताना ती खुंटीवरून काढायची आणि काम संपलं की परत लावायची. फळीच्या वर ठळक अक्षरांत नियमच लिहिला होता: ‘कामाच्या जागी कोणीही शस्त्र बाळगायचं नाही. काम नसताना जवळ ठेवलेली खिळेबंदूकही शस्त्रच.’ मग बंदुका गेल्या कुठे? गेल्या होत्या खाणकामगारांच्या कमरेला. ज्या खाणीत कुणाचं कुणाशी वैर नव्हतं, तिथे सगळे एकदम घाबरले तरी कुणाला?

केतकीला या कोड्यात काडीचाही रस नव्हता. तिचा संताप वेगळाच होता. ती जी एकच बंदूक खुंटीवर होती ना, ती तिच्या बाबांची होती.

“बाबा, तूसुद्धा घे ना!” तिने दहाव्यांदा सांगितलं.

“नाही घेणार,” बाबा म्हणाले. त्यांचा उजवा हात गळ्यात अडकवलेला होता. “नियम आहे.”

“नियम गेला खड्ड्यात! तुझा हात मोडला त्यांनी!”

झालं होतं असं. चंद्रावर हवा नाही, म्हणून आवाजही नाही. मागून कुणी आलं तर पावलं ऐकू येत नाहीत. हेल्मेटमधल्या रेडिओवर खाणभरची बडबड चालू असते, त्यातून कोण कुठे उभं आहे ते समजत नाही. म्हणून खाणीत एक रीत होती. कुणाच्या मागून जायचं तर आधी जमिनीवर दोनदा पाय आपटायचा. हादरा खडकातून त्या माणसाच्या बुटांत पोचतो आणि तो शांतपणे वळून बघतो. परवा बाबा घाईत होते. पाय न आपटताच त्यांनी भास्करकाकांच्या खांद्यावर हात ठेवला. भास्करकाका असे दचकले की हातातला दांडा त्यांनी गर्रकन फिरवला, आणि बाबांचं मनगट मोडलं.

एवढीशी गोष्ट, पण जेवणघरात पोचेपर्यंत तिची मारामारी झाली. दिगंबर सूड घेणार, असं कुणीतरी म्हणालं. दिगंबर म्हणजे केतकीचे बाबा. भास्करकाकांनी भीतीने खिळेबंदूक कमरेला लावली. ती पाहून सुलक्षणामावशींनी लावली. दोघांना पाहून उरलेल्यांनी. आणि आता हा नियमच काढून टाका म्हणून संध्याकाळी सभा भरणार होती.

केतकी तणतणत नानांकडे गेली. नाना म्हणजे तिचे आजोबा, ध्वनिशास्त्रज्ञ (आवाजाचा अभ्यास करणारे). खाणीतली सगळी ध्वनियंत्रणा त्यांच्या हाताखाली होती.

“सगळ्यांकडे बंदूक असली की कुणी कुणाच्या वाटेला जाणार नाही. म्हणजे सगळे सुरक्षित! बरोबर ना, नाना?”

नाना कधी सरळ उत्तर देतील तर शपथ. त्यांनी तिच्या हातात माइक दिला. “जा, त्या भोंग्यासमोर उभी राहा. तोंडातून अक्षर काढायचं नाही.”

केतकी उभी राहिली. आधी बारीक घूं ऐकू आलं. मग घूंचं कूं झालं, आणि बघता बघता भोंगा असा किंचाळला की केतकीने माइक टाकून दोन्ही कान झाकले.

नानांनी कळ बंद केली. “केवढ्याने ओरडलीस गं!”

“मी? मी नुसती उभी होते!”

“मग पहिला आवाज कुणाचा?”

केतकी विचारात पडली. “माझ्या बाहीची सळसळ असेल. नाहीतर पंख्याची.”

“असेल. ती सळसळ माइकने ऐकली. ध्वनिवर्धकाने (आवाज मोठा करणाऱ्या यंत्राने) ती वाढवली आणि भोंग्यातून बाहेर सोडली. तो मोठा आवाज पुन्हा कुणी ऐकला?”

“माइकने! मग तो आणखी मोठा झाला, मग पुन्हा माइक...”

“याला म्हणतात धन प्रत्याभरण (परिणामाने उलट फिरून स्वतःच्याच कारणाला बळ देणं). भोंग्याची ताकद संपेपर्यंत आवाज वाढतच जातो. पण माणसं एकमेकांना घाबरत सुटली, तर ते कुठे संपतं?”

केतकीच्या डोळ्यांसमोर घुमटाची पातळ भिंत आली. त्या भिंतीतून एक खिळा आरपार गेला, तर आतली हवा बाहेर जाणार होती. तिने पडलेला माइक उचलला.

“हे थांबवायचं कसं?”

“तूच शोध.”

तिने कळ सुरू केली, भोंगा किंचाळायला लागला तशी माइक घेऊन लांब पळाली. भोंगा गप्प! मग ती परत आली आणि तिने ध्वनिवर्धकाचा आवाज कमी केला. तेव्हाही गप्प!

“फेरा कुठेही तोडला तरी चालतो,” ती हळूच म्हणाली. “नाना, भास्करकाकांची भीती म्हणजे ती सळसळ. आणि बंदूक म्हणजे ध्वनिवर्धक.”

संध्याकाळी सभेत ती सरळ मंचाकडे निघाली. “मुलांना इथे बोलता येत नाही,” खाणीच्या प्रमुखबाईंनी बजावलं.

“मी बोलणारच नाहीये,” केतकी म्हणाली. तिने माइक उचलला आणि भोंग्यासमोर धरला.

सगळी सभा कान झाकून उभी राहिली. प्रमुखबाई ओरडत होत्या, पण ऐकतंय कोण! केतकी ढिम्म हलली नाही. बऱ्याच वेळाने तिने माइक बाजूला नेला आणि मग मात्र बोललीच. “यात मी एक शब्दही बोलले नव्हते. तुमच्या भांडणातही कुणीच मुद्दाम काही केलेलं नाही. एकाने दुसऱ्याची बंदूक पाहिली, एवढंच!”

“आणि उद्या खरोखरच कुणी वाईट माणूस घुसला तर?” भास्करकाका उसळून म्हणाले.

केतकीने दारावर तपासणी करणाऱ्या चोख नावाच्या यंत्रमानवाला विचारलं, “चोख, नियम पाळला जात होता तेव्हा वाईट माणूस तुला ओळखता आला असता?”

“हो. ज्याच्याकडे बंदूक, त्याला अडवलं असतं. प्रमुखबाई असल्या तरी.”

“आणि आता?”

“आता मला इथे सगळेच तसे दिसतात. अडवू कुणाकुणाला?” चोख म्हणाला.

तरी कमरेची बंदूक कुणी काढेना. आधी कोण काढणार? हात बरा झाला की केतकीचे बाबा याच माणसांबरोबर खाणीत उतरणार होते, रिकाम्या हाताने.

तेवढ्यात बाबा उठले. चालत भास्करकाकांच्या मागे जाऊन थांबले. घुमटात हवा होती, पावलं सगळ्यांना ऐकू आली होती. तरी त्यांनी जमिनीवर दोनदा पाय आपटला.

“हे परवाच करायला हवं होतं. चुकलो मी, भास्कर.”

भास्करकाका वळले. बाबांच्या गळ्यातल्या हाताकडे बघत राहिले. मग ते दारापर्यंत गेले आणि त्यांनी खिळेबंदूक खुंटीला लावली. त्यांच्यामागे सुलक्षणामावशी निघाल्या. मग रांगच लागली. नियम काढायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

घरी जाताना केतकीने विचारलं, “नाना, पृथ्वीवरसुद्धा असे भोंगे किंचाळतात?”

“पुष्कळ. मोठमोठे देश एकमेकांसमोर माइक धरून बसलेत.”

“मग ठीक आहे,” केतकी बाह्या सरसावत म्हणाली, “मोठी झाले की मी तिकडेच जाते.”