उंबरटेकचा हिरवा चौकोन

"कुणाचा विश्वास बसणार नाही, तरी लिहून घे. मी आकाशातल्या उपग्रहाला फसवलंय," असं गजाबापूंनी सरकारी यंत्रमानवाला सांगितलं. सांगताना थाट असा की जणू घरच्या लग्नाचं आमंत्रण देताहेत.

शेजारी उभ्या असलेल्या अकरा वर्षांच्या सगुणाने चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

गजाबापूंच्या थापा साऱ्या उंबरटेकला पाठ होत्या. त्यांनी विंचवाला पाढे शिकवले होते. वावटळीवर बसून ते तालुक्याला जाऊन आले होते आणि येताना मेथीची जुडीही आणली होती. गाव पोटभर ऐकायचं, हसायचं. बापूंची थाप मध्येच कुणी मोडायची नाही, हा तर गावचा रिवाजच झाला होता. बत्तीस वर्षं उपग्रह केंद्रात शास्त्रज्ञ म्हणून काढून म्हातारपणी गावात परतलेल्या माणसाला तेवढी सवलत द्यायला कुणाची हरकत नव्हती.

पण हा यंत्रमानव हसत नव्हता. शेळीएवढा, चार पायांचा, गळ्यात बिल्ला. कागदावर त्याचं नाव 'पडताळणी यंत्र क्रमांक सतरा', गावाच्या तोंडी नुसतं पडताळ्या. माणूस बोलेल ते जबानी म्हणून टिपायचं आणि वर पाठवायचं, एवढंच त्याला ठाऊक.

तो आला होता एक कोडं सोडवायला. सन २०६१चा तो भाद्रपद उलटत आला तरी उंबरटेकच्या माळावर पाऊस फिरकला नव्हता. गावाच्या कुरणात (मेंढ्यांसाठी राखलेल्या गवताच्या रानात) गवत भुऱ्या केसांसारखं झालं होतं. गवत गेलं तसे नाकतोडे गेले आणि नाकतोड्यांमागोमाग चंडोल पक्षीही गेले. चाऱ्याच्या गाड्या कुठे पाठवायच्या ते उपग्रहाच्या नकाशावरून ठरत असे. त्या नकाशात आसपासची सगळी गावं पिवळी पडलेली, आणि मधोमध उंबरटेकचं कुरण हिरव्यागार चौकोनासारखं उठून दिसत होतं. म्हणजे यांना चारा नको.

ग्रामसभेने तक्रार केली म्हणून पडताळ्या आला. दुपारपर्यंत त्याचा अहवाल गेला तर उद्या गाड्या येणार. नाहीतर सगुणाचे वडील मेंढ्या घेऊन कोकणात उतरणार होते. दरवर्षी ते दिवाळीनंतर जात. आत्ता तिकडे भात उभं, कोण मेंढ्यांना शेतात पाय ठेवू देईल? शिवाय तिकडच्या ओलीत मेंढ्यांचे खूर सडतात. सगुणाची बारा कोकरं तर जेमतेम पंधरा दिवसांची होती. ती घाट उतरली असती की नाही, हे वडील बोलत नव्हते आणि तीही विचारत नव्हती.

अशा वेळी बापूंच्या थापेची गाडी सुटली होती. दहा वर्षांपूर्वी म्हणे 'हिरवं गाव' नावाची स्पर्धा होती. उपग्रहाला जे गाव सर्वांत हिरवं दिसेल ते पहिलं. बापूंनी हिरव्या रंगाची चाळीस पिंपं आणली, गावाला खराटे वाटले आणि तीन दिवसांत दगडधोंड्यांसकट सगळा माळ रंगवून काढला. एक म्हैस आडवी आली, तीही रंगवली. उपग्रहाने खाली पाहिलं, भुलला आणि पहिलं बक्षीस देऊन गेला. रंग इतका पक्का की अजून निघालेला नाही, म्हणून नकाशात आजही हिरवं दिसतं.

पारावर बसलेली मोठी माणसं माना डोलवत होती. सरपंच यमुनाकाकू तर जरा जास्तच.

"जबानी टिपली," पडताळ्या म्हणाला. "रंग लावून नकाशा चुकवला असेल तर प्रकरण चौकशीला जाईल. निर्णय पाच आठवड्यांनी."

डोलणाऱ्या माना थांबल्या. बापूंचा मात्र मिशीतला केसही हलला नाही. ते सगुणाकडे पाहत होते.

सगुणाला पाच आठवडे म्हणजे बारा कोकरं एवढंच दिसलं. तिने पडताळ्याला विचारलं की तुझ्या नाकात प्रकाश मोजायचं यंत्र आहे ना, मग नुसत्या कानांनी काय काम करतोस? पडताळ्याने नियम तपासला आणि नागरिकाच्या विनंतीवरून मोजमाप करता येतं असं कळवलं.

तिने त्याला आधी पाण्याच्या टाकीकडे नेलं. टाकीचं झाकण पोपटी हिरव्या तैलरंगाने रंगवलेलं होतं. पडताळ्याने नाक लावलं. हरितांक (पानांचा तजेला सांगणारा आकडा) शंभरपैकी सहा.

"एवढं हिरवं, आणि सहाच?" यमुनाकाकू पुटपुटल्या.

मग सगुणाने त्यांना सांगितलं, जसं बापूंनीच तिला दोन वर्षं सांगितलं होतं. पानाला तांबड्या प्रकाशाची भूक असते. तो गिळून ते आपलं अन्न शिजवतं. त्या तांबड्याच्या पलीकडे आणखी एक प्रकाश असतो, अवरक्त (आपल्या डोळ्यांना न दिसणारा). तो पानाच्या उपयोगाचा नाही, म्हणून पान तो जोराने परत फेकतं. सातशे किलोमीटर उंचीवरून उपग्रह हेच मोजतो की तांबडा किती गिळला आणि अवरक्त किती फेकला. दोन्हींत जेवढी तफावत, तेवढा हरितांक मोठा. तहानलेल्या पानाची भूक मरते, तांबडा प्रकाश ताटात उरतो आणि फेकही लुळी पडते. म्हणून पीक आपल्या डोळ्यांना हिरवं दिसत असतानाच त्याची तहान उपग्रहाला कळते. आणि साधा तैलरंग? तो बिचारा हिरवा दिसतो एवढंच. त्याला ना भूक, ना फेक.

यमुनाकाकूंनी नकळत वर पाहिलं. इतक्या लांबून कुणी आपल्या गवताची भूक मोजतंय, हे ऐकून त्यांना पदर सावरावासा वाटला.

आता सगुणा कुरणात शिरली. गवताचा हरितांक निघाला बारा. पण त्याच कुरणात निम्म्या जागेवर वेडी बाभूळ माजली होती, मेंढ्या जिच्या पाल्याला तोंड लावत नाहीत ती. दहा वर्षांपूर्वी इथे तिचं एक झाडही नव्हतं, असं सगुणाचे वडील सांगत. तिची मुळं खोल, तिला दुष्काळाचं सोयरसुतक नाही. तिचा हरितांक सत्तर.

तिथे सगुणा थबकली. उपग्रहाच्या एका चौकोनात निम्मी बाभूळ आणि निम्मं गवत. तो दोन्हींची सरासरी काढणार आणि बाभळीच्या जोरावर चौकोन हिरवा होणार. मग त्यातून एकटं गवत वेगळं कसं काढायचं?

ती मातीत बोटाने रेघा ओढत बसली. बाभूळ बारमाही हिरवी. गवत फक्त पावसात हिरवं, वैशाखात शून्यवत. मग वैशाखात जो आकडा येतो तो जवळजवळ एकट्या बाभळीचा.

"पडताळ्या, तुझ्याकडे जुने नकाशे असतील. चांगल्या पावसाच्या वर्षी या चौकोनाचा वैशाखातला आकडा किती आणि भाद्रपदातला किती?"

"वैशाख एकेचाळीस. भाद्रपद बासष्ट."

"मधली एकवीसची वाढ गवताची. आणि यंदा?"

"वैशाख एकेचाळीस. भाद्रपद एकेचाळीस."

पारावरून उठून मागोमाग आलेली सगळी माणसं सगुणाच्या रेघांवर वाकली. गवत यंदा उगवलंच नव्हतं, आणि उपग्रहाने ते कधीचं टिपून ठेवलं होतं. नकाशा बनवणाऱ्यांनी त्याला नुसतं 'हिरवं किती' एवढंच विचारलं होतं. 'पावसाने हिरवं किती वाढलं' हे कुणी विचारलंच नव्हतं.

पडताळ्या क्षणभर गुरगुरला. मग म्हणाला की ही रीत बाभळी माजलेल्या आणखी अडतीस गावांना लागू पडते आणि यापुढे तिथलंही गवत वेगळं मोजलं जाईल. उंबरटेकने बाभूळ काढून मेंढ्या आवडीने खातात ते मारवेल गवत लावलं, तर ते किती धरलं हेही दर पाच दिवसांनी वरून कळेल. चाऱ्याची शिफारस तयार आहे.

"पण पाठवता येत नाही," तो पुढे म्हणाला. "जबानीत रंगाची चाळीस पिंपं आहेत. ती खोटी असतील तर कुणीतरी तसं मोठ्याने सांगावं."

यमुनाकाकू चपलेतला काटा काढू लागल्या. बापू काठीवर हनुवटी टेकून सगुणाकडे बघत राहिले, अवघड गणित घातल्यावर बघायचे तसे. मोठ्या माणसाला खोटं पाडायचं, तेही चारचौघांत, तेही बापूंना. सगुणाचे कान तापले. सावली पायाशी आली होती, दुपार व्हायला थोडाच वेळ उरला होता.

"बापू, थाप आहे ही," ती म्हणाली. मग पडताळ्याला नीट ऐकू जावं म्हणून तिने पुन्हा मोठ्याने म्हटलं. "साफ थाप आहे. माळ कुणी रंगवला नाही. रंगवला असता तरी उपग्रहाने ओळखला असता. बक्षिसासाठी तुम्ही सगळ्यांनी कुरणात बाभळीचं बी फेकलंत, कारण तिला पाणी घालावं लागत नाही. त्याला हिरवं दिसलं ते खरोखरच हिरवं होतं. तो नाही फसला, बापू. फसलो ते आपण."