डावरी शिवण

टेम्पोतून गाडी उतरवली तेव्हा तिच्या आत उंदरांनी कुरतडलेला काथ्या, सुकलेली पानं आणि ओल्या गोणपाटाचा वास भरलेला होता. बाकी सगळं जागच्या जागी होतं. दोन माणसांची, उघड्या टपाची एमजी. साठच्या दशकात इंग्लंडात बनलेली. अनमोड घाट उतरला की गोव्यात माझा मित्र गुरुदास राहतो. त्याच्या वडिलांनी ती खाणीवरच्या एका साहेबाकडून घेतली, थोडी चालवली आणि शेडमध्ये झाकून ठेवली. दांडेलीच्या कारखान्यातली माझी फिटरची नोकरी संपली, रामनगरच्या घरी बसून हात शिवशिवायला लागले, तेव्हा गुरुदासनं ती मला देऊन टाकली.

इंजिन मी बघणार आणि आतलं काम केशर करणार, असं ठरलं. केशर माझी बायको. गावातल्या निम्म्या बायकांची झंपरं तिच्या हातची असतात. माझ्या पाळ्यांच्या नोकरीत आम्ही दोघं कुठं फिरलोच नव्हतो. गाडी तयार झाली की टप उघडून जंगलातल्या रस्त्यानं उळवीला जायचं, असं तिनं शेजारणींना सांगूनही टाकलं होतं.

दिवाळी झाली होती, हवा कोरडी होती. घराच्या बाजूच्या शेडमध्ये आम्ही रोज दुपारी काम करायचो. आधी मी तळाचे गालिचे खरवडून काढले. दारांच्या आतली पुठ्ठ्याची अस्तरं ओलीनं फुगली होती, ती उतरवली. केशर त्यांवर कागद ठेवून नवे नमुने कापत होती. सगळं सरळ चाललं होतं.

मग मी चालकाची सीट सोडवली. सीटचं कातडं खालच्या सांगाड्याला लोखंडी क्लिपांनी पकडलेलं असतं. त्या क्लिपा गंजून कातड्याला चिकटल्या होत्या. एकेक पक्कडीनं तोडावी लागली. प्रत्येक क्लिपेखाली गंजाचा एक डाग आणि एकच भोक. हे मी मुद्दाम सांगतो. सीट आधी कुणी उघडली असती, तर भोकं दुहेरी झाली असती. कारखान्यातून निघाल्यापासून त्या सीटला कुणी हात लावलेला नव्हता. फिटर म्हणून एवढं मी छातीठोकपणे सांगू शकतो.

कातडं उलटं केलं. आतली शिवण हाताची होती. असेल, म्हटलं. सवयीप्रमाणे मोबाइलवर फोटो काढले आणि केशरला हाक मारली.

ती वाकून टाके बघायला लागली. केशर डावरी आहे. तिचे टाके नेहमीच्या उलट बाजूला कलतात. हेही तसेच कललेले होते. तिकडंही कुणी डावरा कारागीर असेल, असं मी म्हणालो. तिनं शिवणीचं टोक माझ्यासमोर धरलं. तिथं दोऱ्याचा बारीक फासा बाहेर ठेवलेला होता. झंपर सैल करायचं झालं तर तेवढाच ओढता यावा म्हणून केशर प्रत्येक शिवणीच्या शेवटी असा फासा ठेवते. ही तिची स्वतःची युक्ती. दुसऱ्या कुणाकडं मी ती बघितलेली नाही.

"ही माझी शिवण हाय," ती म्हणाली.

मी हसलो. दोरा कुजून तपकिरी झाला होता. बोट लावलं की भुगा व्हायचा. असा दोरा कालपरवाचा असूच शकत नाही.

तिनं कातडं जमिनीवर पसरलं, त्यावरून नवं कापलं आणि आरीनं भोकं पाडत शिवायला बसली. मी समोर कार्ब्युरेटर उघडून बसलो होतो. शेजारची पार्वती कोकमं घेऊन दारात आली. केशरनं मान वळवली आणि दोन टाके एकावर एक पडले. ते सीटच्या खालच्या बाजूला जाणार होते, म्हणून तिनं तसेच ठेवले. पार्वतीशी दोन शब्द बोलून ती परत कामाला लागली.

शिवून झाल्यावर तिनं नवं कातडं जुन्यावर ठेवलं. भोकावर भोक बसलं. मग तिनं कडा उलटून बघितल्या आणि मला जवळ बोलावलं. जुन्या कातड्यावर, त्याच जागी, दोन टाके एकावर एक होते.

हे तिथं आधीपासून होतं का? मला आठवेना. मी मोबाइल काढला. सीट उघडल्या उघडल्या काढलेला फोटो मोठा करून बघितला. होते. पार्वती कोकमं घेऊन यायच्या कितीतरी आधी ते तिथं होते.

त्या दिवशी आम्ही दोघं जेवायला बसलो. मी मनातल्या मनात हिशेब लावत होतो. तिनं नकळत जुन्याची नक्कल केली असेल? पण मग पार्वती नेमकी तेव्हाच कशी आली? कुठूनही सुरुवात केली तरी विचार तिथंच येऊन अडकायचा. दुसऱ्या दिवशी गुरुदासला फोन केला. सीट कधी उघडली होती का, कुणाकडून शिवून घेतली होती का, असं आडून आडून विचारलं. तो म्हणाला, बाबांनी तर तिची धूळसुद्धा कुणाला पुसू दिली नाही. मग विचारू लागला, काही खराब निघालं का. मी नाही म्हणालो.

शेजारची सीट उरली होती. मी तिच्यावर चादर टाकली आणि इंजिनातच गुंतून राहिलो. केशर दारांच्या अस्तरांना कापड चिकटवत होती. आम्ही कापड, गोंद, पायपिंग असलंच काही बोलायचो. चादरीबद्दल मात्र कुणीच काही बोलत नव्हतं.

शेवटी तिनंच पक्कड आणून माझ्या हातात दिली. मी म्हणालो, गाडी परत पाठवू. गुरुदास काही म्हणणार नाही.

"आता काय पाठवून व्हतंय," ती म्हणाली. "उघडा."

मी क्लिपा तोडल्या. इथंही तोच गंज आणि एकेकच भोक. कातडं उलटं केलं.

शिवण तिचीच होती. बारीक, एकसारखी, उलट कललेली. केशर तिच्यावरून बोट फिरवत निघाली. पाठीचा भाग झाला, वळण झालं. बसायच्या भागाच्या मध्यावर बोट थांबलं.

तिथून पुढचे टाके दुसऱ्याच कुणाचे होते.

मोठे होते. वाकडे होते. कल सरळ हाताचा. कुठं दोरा इतका ओढलेला की कातडं चुरगळलं होतं, कुठं ढिला सोडलेला. शेवटी फासा नव्हता, नुसती जाड गाठ होती.

मी केशरकडं बघितलं. घाबरल्यासारखी वाटत नव्हती. एखाद्या गिऱ्हाइकाचं माप घेताना ती जशी बघते, तशी बघत होती.

"हितं मी थांबले," ती म्हणाली.

मी कातडं तिच्या हातातून काढून घेतलं. ही सीट शिवायची नाही, गाडी एकाच सीटची राहिली तरी चालेल, असं काहीबाही बोलत राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं तिला बेळगावला नेलं. हृदय, रक्त, साखर, सगळं तपासून घेतलं. डॉक्टर म्हणाले, तुमच्यापेक्षा या ठणठणीत आहेत. परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसून शांतपणे झोपली. मी सगळ्या वाटेत तिचा श्वास बघत होतो.

घरी आल्यावर मी गुरुदासला टेम्पो पाठवायला सांगितलं. तो म्हणाला, ड्रायव्हर मोकळा झाला की पाठवतो.

टेम्पो यायच्या आदल्या दुपारी मी शेडमध्ये गेलो. केशर जमिनीवर बसली होती. नवं कातडं कापून झालेलं होतं, पाठीचा भाग शिवून तयार होता. मी रागावलो. तिनं ऐकून घेतलं, मांडीवरून एक चिंधी उचलली, सुईत दोरा ओवला आणि सुई माझ्यापुढं धरली.

"बसा हितं," ती म्हणाली. "तुमास्नी यायला पायजे."

मला नाही म्हणता आलं नाही. मी खाली बसलो. आयुष्यात कधी बटणही लावलेलं नव्हतं. सुई बोटात घुसली. दोरा कुठं जास्त ओढला गेला, कुठं ढिला पडला. लाज वाटून मी टाके उसवायला लागलो, तशी तिनं माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे," चिंधी उजेडाकडं धरून ती म्हणाली. "बरोबर हाय. असंच हाय ते."