तलाव पहाटे का गुदमरला?

निंबाटोल्याच्या तलावात आठवड्यात दुसऱ्यांदा मासे मेले होते. पांढरी पोटं वर करून ते काठाकाठाने तरंगत होते. सातवीतली सृजा मारबते शाळेत जाता जाता तिथे थांबली आणि तिला एक विचित्र गोष्ट दिसली. मेलेले सगळे मासे रोहू आणि कतला होते. तलावात मरळ मासेही होते, पण मेलेल्यांत त्यातला एकही नव्हता!

"बाबा, मरळ काहून नाही मेले?" तिने विचारलं.

बाबा मेलेले मासे टोपलीत भरत होते. त्यांचा चेहरा उतरला होता. गावातल्या मच्छीमार संस्थेने वर्षभर जपलेले मासे होते ते.

"काय माहीत, बेटा! लोक म्हणतात, टेकरामने शिंगाड्यावर औषध फवारलं, तेच पाण्यात उतरलं. उद्या सकाळी बैठक आहे. त्याचा शिंगाडा काढून टाकायला लावतील."

टेकराम काका म्हणजे तिच्या बाकावर बसणाऱ्या दीक्षिताचे बाबा. तलावाच्या एका कोपऱ्यात ते शिंगाडा लावत. त्या दिवशी दीक्षिता शाळेत आलीच नाही.

सृजाने वर्गात हे सांगितलं, तेव्हा गजभिये मॅडम म्हणाल्या, "मग आज पुस्तकातला धडा राहू दे. आपण डोहला विचारू."

२०४४ सालच्या त्या शाळेत 'डोह' हा मुलांचा सगळ्यात लाडका संगणक होता. त्याचा पडदा भिंतीवर नव्हता, तर टेबलासारखा आडवा होता. मुलं त्याच्याभोवती गोल उभी राहिली. पडद्यावर निळंहिरवं पाणी हललं आणि त्यात इवलेसे मासे पोहू लागले.

"हे तुमच्या तलावाचं प्रतिरूप आहे (खऱ्या गोष्टीची, नियमांवर चालणारी नक्कल)," डोह बोलू लागला. "माशांना किती ऑक्सिजन लागतो, ऊन पडल्यावर वनस्पती काय करतात, हे नियम मला ठाऊक आहेत. इथे एक दिवस एका मिनिटात संपतो. बोला, काय करून पाहायचं?"

"विष टाक!" मागून साहिल ओरडला.

डोहने पाण्यात कीटकनाशक मिसळलं. आधी पाण्यावर धावणारे पाणकिडे मेले. मग मासे मेले, आणि त्यात मरळही होते.

"पण खऱ्या तलावात पाणकिडे मजेत फिरत होते," सृजा म्हणाली. "मी आज सकाळीच पाहिलं. आणि मरळ तर जिवंत आहेत!"

"म्हणजे हा अंदाज जुळत नाही," मॅडम म्हणाल्या. "मरळमध्ये वेगळं काय आहे, डोह?"

"मरळ पाण्याबाहेर तोंड काढून हवेतला ऑक्सिजन घेऊ शकतो. रोहू आणि कतला कल्ल्यांनी पाण्यात विरघळलेलाच ऑक्सिजन घेतात."

"मग पाण्यातला ऑक्सिजन संपला असेल!" सृजा टाळी वाजवून म्हणाली. "पण कसा? आपल्या तलावात एवढं शेवाळ आहे, सगळं पाणी हिरवंगार झालंय. वनस्पती तर ऑक्सिजन देतात ना?"

"करून पाहा," डोह म्हणाला.

मुलांनी पाण्यात भरपूर शेवाळ सोडलं. पडद्याच्या कडेला ऑक्सिजनची एक लाल रेघ होती. सूर्य वर आला तशी ती सरसर चढली. मुलांनी एकच गलका केला. मग सूर्य मावळला आणि रेघ खाली उतरायला लागली. रात्रभर ती उतरतच राहिली.

"अरे, हे काय?" साहिल म्हणाला. "डोह चुकला!"

"नाही रे," मॅडम हसल्या. "वनस्पती प्रकाशसंश्लेषण करतात (सूर्यप्रकाश वापरून अन्न तयार करतात), तेव्हा ऑक्सिजन बाहेर पडतो. हे काम फक्त उजेडात चालतं. पण श्वसन? ते आपल्यासारखंच दिवसरात्र चालू असतं. म्हणजे रात्री..."

"रात्री शेवाळसुद्धा ऑक्सिजन वापरतं!" तिघीचौघी एकदम ओरडल्या.

तरीही पडद्यावरचे मासे तगले. रेघ तळाला टेकायच्या आतच सूर्य उगवला होता. सृजा विचारात पडली. मग तिने खिडकीबाहेर पाहिलं. भादव्याचं आभाळ कितीतरी दिवस काळवंडलेलंच होतं.

"डोह, ढग आण! सलग चार दिवस!"

आता दिवसा रेघ जेमतेम चढू लागली आणि रात्री मात्र आधीइतकीच घसरू लागली. चौथ्या पहाटे ती तळाला गेली. पडद्यावरचे रोहू आणि कतला पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडू लागले, आणि मग उलटे झाले. मरळ तेवढे राहिले.

सृजा पडद्यावर वाकली.

"हे खरं आहे का, डोह?"

"हा माझा अंदाज आहे. मी नियमांवर चालतो. एखादा नियम माझ्याकडे नसेल, तर मी चुकेन. खरं-खोटं तलावच सांगेल. आभाळ असंच राहिलं, तर उद्या पहाटे पुन्हा मासे गुदमरतील."

संध्याकाळी मॅडम आणि मुलांनी होडीतून जाऊन तलावात तीन ठिकाणी संवेदक सोडले (पाण्यातला ऑक्सिजन मोजून संगणकाला कळवणारी उपकरणं). सृजाने बाबांना सगळं समजावलं. ते उठून पाण्याचा पंप शोधायला गेले.

पहाटे झुंजुमुंजू होताना सगळा गाव काठावर जमला होता. टेकराम काका आणि दीक्षिता एका बाजूला उभे होते. मॅडमच्या हातातल्या छोट्या पडद्यावर रेघ खाली खाली येत होती.

"बाबा, आता!"

पंप सुरू झाला. तलावातलंच पाणी उंच उडून पुन्हा तलावात कोसळू लागलं. कोसळताना ते हवेतला ऑक्सिजन सोबत घेऊन जात होतं. सुरुवातीला काहीच झालं नाही. मग काळ्या पाण्यात एक तोंड वर आलं. मग दहा, मग शेकडो! सगळीकडून मासे त्या धारेखाली धावत येऊ लागले. एकमेकांवर आदळत ते श्वास घेत होते.

"अरे, पाहा, पाहा!" बाबा लहान मुलासारखे ओरडले.

विष असतं, तर मासे त्याच पाण्याकडे असे धावले नसते, हे कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही. संस्थेच्या अध्यक्षांनी टेकराम काकांचा हात धरला. "माफ कर, टेकराम. न तपासता बोललो आम्ही."

बैठक तिथेच काठावर झाली. शेवाळ काढायचं, गोठ्यांचं शेणपाणी तलावात येऊ द्यायचं नाही, कारण त्यावरच शेवाळ पोसतं, आणि ढगाळ दिवसांत पंप चालवायचा, असं ठरलं. दीक्षिताने सृजाचा हात घट्ट पकडला होता. शाळेची वेळ होईपर्यंत तिने तो सोडला नाही.

वर्गात संवेदकांचे आकडे पाहताना दीक्षिताच अचानक म्हणाली, "इथे गडबड आहे. आमच्या शिंगाड्याच्या कोपऱ्याजवळ ऑक्सिजन एवढा कमी झालाच नाही. पंप तर तिथून लांब होता."

"तिथे माझा अंदाज चुकला," डोह म्हणाला. "का, ते मला कळत नाही."

दीक्षिताने डोळे मिटून तो कोपरा आठवला. "तिथे वारा असतो! लाटा उठतात. पंपाने उडवलेल्या पाण्यासारखंच, लाटांमध्येही हवा मिसळत असेल?"

"माझ्याकडे वाऱ्याचा नियमच नाही," डोह म्हणाला. "तुम्ही मोजून द्याल का? मग तो जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेतल्या संगणकाला कळेल."

मॅडम काही म्हणायच्या आतच वर्ग रिकामा झाला होता. सगळ्यांच्या पुढे, वारा मोजायचं भिरभिरं उंच धरून, दीक्षिता आणि सृजा तलावाकडे पळत सुटल्या होत्या.