गंधकाच्या वाऱ्यावर

जिन्याच्या वळणावर शलाका कुणावर तरी धाडकन आदळली, आणि समोरच्याच्या पाठपिशवीतली तांदळाची पिशवी निसटून पायऱ्यांवरून गडगडत गेली.

"लिफ्ट चालू असताना जिना चढताय?" तिनं विचारलं.

"तुम्हीही चढताय की!" तो हसला. "दमावंद?"

"दमावंद!"

अबू हलीफातल्या त्या इमारतीत दोघं वर्षभर राहत होती, पण भेट व्हायला जिना लागला. कुवेतमध्ये चढायला डोंगर आहे कुठे? म्हणून इराणातल्या दमावंद ज्वालामुखीवर निघालेली एकाच कंपनीतली मंडळी पाठीवर वजनाला तांदूळ घेऊन रोज संध्याकाळी जिने झिजवत होती. हा प्रज्वल, चिपळूणचा, मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत सेफ्टी ऑफिसर. ती नाशिकची, त्याच रिफायनरीच्या लॅबमध्ये केमिस्ट. महिन्याभरात 'अहो'चं 'अरे' झालं, आणि मग... हा जिना संपूच नये, असं शलाकाला वाटू लागलं.

निघायच्या आदल्या दिवशी जिन्यातच तो म्हणाला, "माझं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. सही करून राहायचं की गावी परतायचं, ते शनिवारी सांगायचंय."

"मग?"

"मग काय... थांब म्हणणारं इथं आहे कोण?"

मी आहे ना! असं ओरडून सांगायचं सोडून ही बया म्हणाली, "हं." आणि रात्रभर स्वतःवरच चरफडत राहिली.

जुलैतल्या त्या पहाटे दमावंदच्या वरच्या तळावरून ते निघाले तेव्हा मात्र ती ते सगळं विसरली. गेल्याच आठवड्यात कुवेतमध्ये गाडीच्या स्टिअरिंगला हात लागला की चटका बसत होता, आणि इथं बोटं थंडीनं बधिर! ढग पायाखाली होते. वर निळंशार आभाळ, समोर बर्फाचे पट्टे मिरवणारा तो अवाढव्य सुळका. इतकं मोठं काही तिनं आजवर पाहिलंच नव्हतं. आपण एवढ्याशा, आणि तरी एका माणसापायी जीव किती धडधडतोय... तिला हसूही आलं आणि भरूनही आलं.

"दमलीस?" प्रज्वलनं विचारलं.

"छे! बघतेय नुसती."

"मीही," तो म्हणाला. पण तो डोंगराकडे बघत नव्हता.

शिखर जवळ आलं. पिवळेधमक दगड, भेगांतून वाफ... आणि एकाएकी कुजक्या अंड्यांचा भपकारा! रिफायनरीत या वासाचा अर्थ एकच, गॅस फुटला. प्रज्वल, शलाका, मागून येणारे रिफायनरीतलेच आलोक आणि शर्मिला, चौघांच्याही माना एकदम वर गेल्या. वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक शोधायला! ज्वालामुखीच्या माथ्यावर!

प्रज्वलनं मूठभर बर्फ हवेत उधळून वारा पाहिला. "क्रॉसविंड! वाऱ्याला आडवे, माझ्या मागे या!" असं ओरडत त्यानं शलाकाचा हात पकडला आणि उतारावर आडवी धूम ठोकली. आलोक-शर्मिलाही धावले. चार पावलांतच सगळ्यांना धाप लागली. इराणी वाटाड्या जागच्या जागी उभा राहून पोट धरून हसत होता. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तो म्हणाला, डोंगर श्वास घेतोय, रुमाल लावा आणि चला.

"साहेब, ड्रिल संपलं," आलोक धापा टाकत म्हणाला. "आता हात सोडा."

प्रज्वल कानापर्यंत लाल झाला. "धोका टळल्याचा 'ऑल क्लिअर' मिळेपर्यंत जोडीदाराचा हात सोडायचा नसतो. नियम आहे."

"ऑल क्लिअर देतं कोण?" शलाकानं विचारलं.

"मी... मीच."

पायाखालची जमीन चक्क कोमट होती. एवढा प्रचंड डोंगर पोटातलं असं उघड्यावर सांगतोय, आणि आपल्याला दोन अक्षरं जड व्हावीत?

"मग देऊच नकोस," ती म्हणाली. "आणि शनिवारी सही कर. थांब, प्रज्वल... मी म्हणतेय, थांब."

आलोक काहीतरी बोलायला गेला, तर शर्मिलानं त्याला कोपरानं ढोसलं.

प्रज्वलनं हातावरची पकड घट्ट केली.

"थांबलो," तो म्हणाला.