ओमोक आजीच्या वडिलांचा दिवस

दार लोटून घ्या आणि ते फोन ठेवा बाजूला. दोशिकची गोष्ट ऐकायची तर नीट ऐका. दोशिक म्हणजे भिंतींना कागद लावणारा, आपल्याच खोऱ्यातला. थापा मारण्याइतकी अक्कल त्याला नाही, म्हणूनच माझा त्याच्यावर विश्वास बसला.

गोष्ट तीन वर्षांमागची. नववा चांद्रमास, आठवी तिथी. दोशिक सकाळीच टेकडीखालच्या रिकाम्या घरात कामाला गेला. घराचा मालक तेग्यू दूर सोल शहरात राहायचा. घर भाड्याने द्यायचं होतं, म्हणून जुना कागद खरवडून नवा लावायला त्याने सांगितलं होतं.

दुपारी शेजारची ओमोक आजी रताळी घेऊन आली. ऐंशी ओलांडलेली बाई, पण जीभ तरण्या पोरीची.

"कागद काढतोयस की भिंतीला कुरवाळतोयस रे? कधी उरकायचं हे?"

"आजी, आधी रताळं द्या, मग शिव्या द्या."

ती हसली. मग म्हणाली, "जुन्या थराखाली शाईचं लिहिलेलं काही निघालं तर फाडू नकोस. मला हाक मार. लढाईच्या साली गावातून कुणाकुणाला नेलं, कुठल्या दिवशी मारलं, ते तेग्यूच्या आजोबांनी लिहून ठेवलं होतं. वही भिंतीत चिकटवली म्हणतात. त्यात माझे आबा आहेत. मी सात वर्षांची होते रे. बापाला जेवू घालायचा दिवससुद्धा मला ठाऊक नाही."

आता हे तुम्हाला माहीतच आहे. ज्याच्या मरणाचा दिवस कळत नाही, त्याचं पान नवव्या महिन्याच्या नवमीला मांडायचं. त्या गावात चौतीस घरांत एकाच रात्री पानं मांडली जातात. आठवीची रात्र सरली, बारा वाजले, की दार उघडायचं, म्हणजे आपलं माणूस आत येतं. आजी जन्मभर अशीच परक्या दिवशी दार उघडत आली होती.

"मरायच्या आत एकदा तरी बरोबर दिवशी वाढू दे मला," ती म्हणाली.

"हाक मारतो की, आजी," दोशिक म्हणाला.

चार वाजता सहावा थर सुटला. खाली जाड, पिवळा कागद. त्यावर हाताने लिहिलेल्या ओळी, सगळ्या जुनी माणसं लिहायची त्या चिनी अक्षरांत. ती आता कुणाला वाचता येतात? दोशिकने तेग्यूला फोन लावला.

भिंतीत काय निघालं ते सांगितलं. मग तेग्यू म्हणाला, "तीच वही. त्या लोकांना घरांतून हाका मारून बाहेर काढायला मारणाऱ्यांबरोबर आजोबाच गेले होते, दोशिक. वही बाहेर आली तर तेही निघेल. माझ्या मुलीचं लग्न ठरतंय. जाळून टाक. कुणाला दाखवू नकोस."

आजीचं घर चाळीस पावलांवर. दोशिक दारापर्यंत आला, तिकडे बघत उभा राहिला. आणि मागे फिरला. मला त्याचा राग येतो तो इथे. एक हाक मारायची होती फक्त. पण गिऱ्हाईक तुटेल या भीतीने त्याने भिंतीवरून पानं सोडवून परसातल्या पत्र्याच्या पिंपात एकेक टाकलं. अख्खी वही जाळली.

अंधार पडला तरी तो नवा कागद लावत बसला. घरात जळका वास कोंडला होता. म्हणून त्याने अंगणाकडचं दार सताड उघडं टाकलं.

त्या गावात. त्या रात्री.

बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. अर्धा चंद्र मावळला होता. अंगणात पावलं वाजली.

"कोण आहे?"

...

पावलं थांबली. एकाची नव्हती ती. पुष्कळ होती.

"तेग्यूने पाठवलंय का?"

...

पायरीशी माणसं उभी होती. एकामागे एक, पार फाटकापर्यंत. एवढ्या गारठ्यात अंगावर उन्हाळ्याचे पातळ कपडे. खोलीतला दिवा चांगला लख्ख होता. तरी चेहरे दिसेनात.

पुढचा म्हणाला, "आमचा दिवस कोणता?"

दोशिकच्या हातातला खळीचा ब्रश पडला.

"वही इथंच होती. वाचून सांग ना."

"मला... वाचता येत नाही."

"मग आण इकडे. आम्ही वाचतो."

दोशिकने परसातल्या पिंपाकडे बोट केलं.

कुणी ओरडलं नाही. रागावलेसुद्धा नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं दोशिक म्हणतो.

मागून एक तरणा माणूस पुढे आला. त्याने दोशिकचा उजवा हात धरला. गार. ओला. तळवा उघडला. बोट टेकवलं. सावकाश फिरवलं...

दिवा गेला.

पहाटे तो आजीला सापडला, परसात, पिंपाला टेकलेला. तिने पिंपात वाकून पाहिलं. राख. तिला सगळं कळलं. एकही शिवी दिली नाही तिने. दोशिकने तळवा पुढे केला.

तळव्यावर तीन काळी अक्षरं होती. बापाचं नाव. आयुष्यात आजी तेवढीच चिनी अक्षरं शिकली होती.

"आबा," ती म्हणाली. त्यावरून बोट फिरवलं. मग हात उलटा करून पाहिला. बाही वर सारली. मनगट पाहिलं, कोपर पाहिलं.

"आणि दिवस? दिवस कुठाय रे?"

त्याच थंडीत आजी गेली. दोशिकने साबण लावला, रॉकेल लावलं, दगडाने घासघासून कातडी सोलली. कातडी नवी आली, अक्षरं तीच. मागच्या महिन्यात मी स्वतः पाहिली.

तीनच आहेत.